एकाचे देणे, जमातीच्या खाती



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो जमातनिष्ठा आणि दंगली यांचा. विषय मोठा आहे व त्यावर अधिकाराने बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही कामगार चळवळीतले. आमच्या वाट्याला या विषयाची जी बाजू आली ती गिरणीच्या दरवाजावरची आणि चाळीतल्या खोलीतली. तेवढीच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

दंगल झाली की दुसऱ्या दिवशी दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक म्हणते, हे दोन समाज मुळातच एकमेकांचे वैरी. दुसरे म्हणते, छे, गरीब माणसे गुण्यागोविंदाने नांदत होती, कोणा बाहेरच्या गुंडांनी आग लावली. पहिल्या उत्तराला फार वेळ द्यायला नको. वैर मुळातलेच असते तर दंगल रोज झाली असती. दुसरे उत्तर मात्र आमच्या चळवळीला फार आवडते. त्यात आपला काही दोष निघत नाही ना! म्हणूनच आज आम्ही त्या दुसऱ्या उत्तराविरुद्ध बोलणार आहोत. मुंबईत १९२९ सालच्या फेब्रुवारीत जी दंगल झाली, तिची काडी ओढणाऱ्यांत आमच्या व्यासपीठावरचेही हात होते.

ती हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवे होते. दोन साचे चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावे, अशी त्यांची योजना होती. याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियन जन्मली, आणि वर्ष संपायच्या आत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. कोकणातले व घाटावरचे मराठे, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, दलित, तेलुगू कामगार, सारे एका बावट्याखाली सहा महिने तगून राहिले. हिंदुस्थानच्या कामगार चळवळीत अशी एकजूट पूर्वी क्वचितच दिसली असेल. आणि तीनचार महिन्यांत त्याच गिरणगावात माणसे एकमेकांना भोसकू लागली. हे झाले कसे?

त्या काळी मुंबईत सरहद्द प्रांताकडून आलेले पठाण होते. कोणी गोदीत हमाली करी, कोणी पेढीवर वा गोदामावर पहारा करी, आणि काही जण सावकारी करीत. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन उभा असलेला पठाण हे दृश्य कामगारांच्या दोन पिढ्यांनी पाहिले. व्याज भरमसाट, वसुली अंगावर येऊन. सहा महिन्यांच्या संपात हे कर्ज किती फुगले असेल त्याची कल्पना आपण करू शकता. त्यातच १९२८ च्या डिसेंबरात शिवडीला तेलकंपन्यांच्या कामगारांचा संप झाला. संप मोडण्यासाठी तेथे पठाणांना कामावर आणले गेले, आणि संपकरी व पठाण यांच्यात मारामाऱ्या झाल्या.

येथवर राग रास्त होता. भरमसाट व्याजाचा राग येणारच, आणि संपफोड्याचा राग ज्याला येत नाही त्याने संघटना बांधू नये. पण सभांतून त्या रागाला जे नाव दिले गेले ते ‘सावकार’ नव्हते, ‘संपफोड्या’ नव्हते. ते होते ‘पठाण’.

मग जानेवारीच्या अखेरीस एक अफवा उठली. बडोद्याकडे पूल बांधला जात आहे, त्याच्या पायात बळी द्यायला मुले हवी आहेत, आणि पठाण मुले पळवीत आहेत. पायात बळी दिल्यावाचून मोठे बांधकाम उभे राहत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. किल्ल्यांच्या बुरुजांच्या तशा कहाण्या आपण लहानपणी ऐकल्या आहेत. या अफवेला पुरावा लागला नाही. तो तिच्या आधीच तयार होता. जो आपले व्याज घेतो, जो आपली नोकरी घेतो, तो आपले मूलही घेईल, हे मनाला पटायला किती वेळ लागणार! फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पठाण दिसेल तेथे त्याला मारायला सुरुवात झाली. पठाणांनी उलट हल्ले केले. पठाण मुसलमान, म्हणून दोन दिवसांत ‘पठाण’ हा शब्दही मागे पडला आणि ‘हिंदू’ व ‘मुसलमान’ हे दोनच शब्द उरले. सुमारे दीडशे माणसे मेली, सातशेहून अधिक जखमी झाली.

पुढे सरकारने चौकशी समिती नेमली, व तिने युनियनच्या पुढाऱ्यांच्या पठाणविरोधी भाषणांवर मोठा ठपका ठेवला. हा अहवाल डोळे मिटून स्वीकारावा असे आम्ही म्हणत नाही. सरकारला लाल बावटा मोडायचाच होता. त्याच मार्च महिन्यात मीरत खटल्यासाठी युनियनचे पुढारी पकडले गेले होते. समितीला हवे तेच सापडले असे कोणी म्हटले तर आम्ही भांडणार नाही. तरी पण आमच्या शत्रूने दाखविली म्हणून आमची चूक चूक राहत नाही, असे थोडेच आहे? पठाणांविरुद्ध भाषणे झाली होती, आणि ती आमच्या मंडळींनी केली होती.

आता या घटनेत नेमकी कळ कोठे आहे ती पाहू. ‘हा सावकार पठाण आहे’ हे एक साधे विधान आहे, आणि ते खरेही असू शकेल. ‘पठाण सावकार आहे’ हे दुसरे विधान. शब्द तेच, फक्त जागा बदलली. पहिल्या वाक्यात एका माणसाच्या कृत्याचा हिशेब आहे. दुसऱ्यात तो हिशेब साऱ्या जमातीच्या खाती मांडला गेला. एकदा तो तेथे मांडला की वसुलीही जमातीतल्या कोणाकडूनही करता येते. व्याज एकाने घेतलेले असते आणि डोके दुसऱ्याचे फुटते, बहुधा जो एकटादुकटा सापडतो त्या हमालाचे किंवा पहारेकऱ्याचे. सावकार अशा वेळी घरात बसलेला असतो. पठाणाच्या वहीत मोमीन विणकरांचीही नावे होती व त्यांना व्याजात सूट मिळत नव्हती, ही गोष्ट त्या आठवड्यात कोणालाही आठवली नाही.

आणि हे केवळ जुन्या काळचे अडाणीपण, असे समजून आपण सुटू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाड्याला भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अफवा तीच: मुले पळविणारी टोळी आली आहे. १९२९ साली ती तोंडोतोंडी चाळीतून चाळीत गेली, २०१८ साली मोबाईलवरून गेली. फरक वाहनाचा. त्या पाच जणांना गावात ओळखणारा कोणी नव्हता; ‘हा अमुक, याला मी ओळखतो’ असे म्हणणारा एकही आवाज निघाला नाही. अफवा मारते ती अनोळखी माणसाला.

मग जमात हीच वाईट काय? आमच्या चळवळीतल्या काही पुस्तकी मित्रांचे तसे मत असते. आम्हांला ते पटत नाही, आणि त्याला कारण गिरणगावाचा रोजचा व्यवहार आहे. कोकणातून बोटीने आलेला पोरगा भाऊच्या धक्क्यावर उतरे तेव्हा त्याच्या हाती गावच्या माणसाचा पत्ता असे. गावकीच्या खोलीत त्याची पथारी पडे, गाववाल्या बाईच्या खानावळीत त्याचे जेवण होई, आणि त्याला कामावर लावणारा जॉबरही बहुधा गावचा वा जातीचाच असे. १९२८ चा संप सहा महिने टिकला तो या गावकीच्या आणि गावाकडच्या तुकडाभर शेतीच्या जोरावर. जमात भाकरी देते. जी भाकरी देते तिच्यावर माणसाची निष्ठा बसते. त्याला नुसती शिवी देऊन काय होणार?

शिवाय जमातीच्या श्रद्धेतून साऱ्यांचे भले झाल्याचेही उदाहरण आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी केली तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार, असेही कारण पुढे केले. १८९० साली सुटी मिळाली, ती खंडोबाच्या भक्ताला मिळाली तशीच मोमीन विणकरालाही मिळाली. त्याने काही तक्रार केल्याचे ऐकिवात नाही! पुढे १८९३ सालच्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांची मोठी दंगल झाली, तीत गिरणी कामगारही उतरले होते; त्यानंतर राणीच्या बागेत ऐक्याचा मेळावा भरविणारेही हेच लोखंडे.

तेव्हा जमात असणे हा रोग नव्हे. रोग सुरू होतो तो भाकरीच्या दरवाजावर जमात पहारेकरी होऊन बसते तेव्हा. जॉबरने गाववाल्याला आत घेतले म्हणजे दुसऱ्या कोणाला बाहेर ठेवलेच. आणि हा पहारा मालकाने बसविला नव्हता, कामगारांनीच बसविला होता, हे सांगताना आम्हांला आजही जड जाते.

गिरणीत साचेखात्याची, म्हणजे विणाईची, मजुरी चांगली असे. या खात्यात दलितांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागत. सवर्ण विणकर म्हणत, आम्हांला विटाळ होईल. त्यामुळे दलित कामगार कमी मजुरीच्या रिंगखात्यात अडकून पडले. १९२८ च्या संपात संयुक्त संप समितीने सतरा मागण्या मांडल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना बजावले की, दलितांना साचेखात्यात मज्जाव आहे त्याविरुद्ध तुम्ही उभे राहणार नसाल, तर दलित कामगारांनी या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी ही गोष्ट नाइलाजाने मान्य केली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे.

एरवी आम्ही मालकांचे म्हणणे सहसा मान्य करीत नाही. येथे करावे लागते. मुंबईचे सवर्ण पुढारी सभेत ‘कामगार तितुका एक’ म्हणत होते आणि त्यांचेच सभासद धोट्यापाशी एकाला हाकलून देत होते. अशा घरात आग लागायला बाहेरचा माणूस कशाला हवा? १९२९ चा दुसरा सार्वत्रिक संप एप्रिलमध्ये सुरू झाला, बाबासाहेबांनी त्याला विरोध केला, आणि सप्टेंबरात तो फसला. फसण्याची कारणे अनेक होती. पण दंगलीत एकमेकांचे रक्त पाहिलेल्या आणि धोट्यापाशी एकमेकांचा विटाळ मानणाऱ्या माणसांनी पुन्हा सहा महिने एकमेकांच्या विश्वासावर उपाशी राहावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? नऊ वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. तेवढे जवळ यायला नऊ वर्षे लागली.

या मरणाऱ्यांविषयी एक गोष्ट अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी लिहिली आहे, ती आम्ही मजुरांच्या सभेत अनेकदा सांगतो. ते लहान असताना, १९४४ साली ढाक्याला, एक मुसलमान मजूर पाठीत सुरा खुपसलेल्या अवस्थेत त्यांच्या घराच्या आवारात शिरला. दंगलीच्या दिवसांत हिंदू वस्तीत जाऊ नकोस, असे त्याच्या बायकोने त्याला सांगितले होते. पण घरात खायला नव्हते, म्हणून तो चार पैशांच्या कामासाठी निघाला होता. दवाखान्यात तो वारला. मारणाऱ्याच्या लेखी तो फक्त मुसलमान होता. तो मजूर होता, बाप होता, भुकेला होता, ही त्याची बाकीची सारी नावे सुऱ्यापुढे गळून पडली. दंगलीत मरणारे दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक एकाच थरातले असतात, हे सेन यांनी याच संदर्भात दाखविले आहे.

आता यावर उपाय काय, असे आपण विचाराल. भाषणे हा उपाय नव्हे, हे भाषण करतानाच कबूल करतो. एक पाहिलेली गोष्ट सांगतो. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. तेथे १९७० साली व पुन्हा १९८४ साली भयंकर दंगली झाल्या. पहिल्या दंगलीची न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. पुढे १९९२ च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. या सगळ्यात भिवंडी पेटेल असे सर्वांना वाटत होते. भिवंडी शांत राहिली.

त्याला एक कारण असे की १९८८ पासून तेथील पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या होत्या. आपल्याकडे शांतता समित्या पुष्कळ असतात. सणाच्या आदल्या दिवशी ठाण्यात दोन्हीकडचे प्रतिष्ठित जमतात, चहा होतो, फोटो निघतो. खोपड्यांच्या समित्या निराळ्या होत्या. एकेका मोहल्ल्यातले हिंदू व मुसलमान सारख्या संख्येने घेतलेले, साधे दुकानदार, कामकरी, कारागीर. आणि त्यांच्या बैठकी ताण नसतानाही नियमाने होत. किरकोळ तंटे तेथेच मिटत. म्हणजे डिसेंबरात अफवा आली तेव्हा पलीकडच्या गल्लीत नावानिशी ओळखीचा माणूस होता, आणि ‘खरे काय ते सांग’ असे त्याला विचारता येत होते. आशुतोष वार्ष्णेय यांनी अनेक शहरांचा अभ्यास करून असेच लिहिले आहे: मोठ्या शहरात शेजाऱ्याची नुसती राम राम, सलाम आलेकुम पुरत नाही, ज्यात दोघांचे हित गुंतले आहे अशा संस्था लागतात, व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या तेव्हा पगार गेला याचा हिशेब सर्वांनी केला. एकाच भोंग्यावर उठणारे निरनिराळ्या जमातींचे लोक आता एकमेकांना कोठे भेटणार, याचा हिशेब कोणी केला नाही. आम्हीही नाही.

शेवटी, दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या तशी एक स्वतःची सांगणे प्राप्त आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी ठाण्याकडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आमचा संप चालू होता. मालकाने ठेकेदारामार्फत उत्तरेकडची माणसे आत आणली. १९२९ ची हकीकत आम्ही तेव्हाही वाचलेली होती. तरीही द्वारसभेत आम्ही ठेकेदाराचे नाव घेतले नाही, तो माणसांना देत असलेल्या अर्ध्या मजुरीचा आकडा सांगितला नाही. आम्ही म्हणालो, ‘हे भय्ये तुमच्या ताटातली भाकरी पळवताहेत.’ टाळ्या फार पडल्या. टाळ्या पडल्या की वक्त्याला आपले बरोबर आहे असे वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक्यावरच्या एका भेळवाल्याची गाडी उलथून टाकली गेली, आणि त्याचा उजवा हात मोडला. तो जौनपूरकडचा, पण पंधरा वर्षे त्याच नाक्यावर होता. कारखान्याशी त्याचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो आमच्याशी: संप सुरू झाल्यापासून आमची माणसे त्याच्याकडे उधारीवर खात होती. आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा त्याने आम्हांला शिवी दिली नाही. उशाखालून वही काढली आणि डाव्या हाताने पुढे केली. ‘भाऊ, एवढी उधारी आहे, जमेल तेव्हा बघा,’ म्हणाला. वहीत आमच्या छत्तीस माणसांची नावे होती. प्रत्येकाचे नाव वेगळे, रक्कम वेगळी, कोणी किती दिले व किती राहिले ते वेगळे. गाडी उलथणाऱ्यांत त्या छत्तीसांपैकी दोघे होते, हे आम्हांला नंतर कळले.

त्या आठवड्याच्या द्वारसभेत आम्ही ठेकेदाराचे नाव घेतले, मजुरीचा आकडा सांगितला, आणि आधीच्या भाषणाबद्दल माफी मागितली. टाळ्या पडल्या नाहीत. काही जण उठून गेले. आतल्या ठेक्याच्या माणसांपैकी सात जण पंधरा दिवसांनी आमच्या कार्यालयात अर्ध्या मजुरीच्या चिठ्ठ्या घेऊन आले, व त्या चिठ्ठ्यांवर पुढची तक्रार उभी राहिली. भेळवाल्याची उधारी वर्गणीतून फेडली. त्याचा हात पूर्वीसारखा झाला नाही. गाडी आता त्याचा पुतण्या चालवितो.